अननसाचं काटेरी भावंड : पुया

मुलांनो, अननस तुम्ही सगळ्यांनी खाल्ला आहे. पण अननसाचं गोत फार मोठं आहे, आणि त्यातलं एक डोंगरी भावंड इथे न्यूझीलंडच्या बागांत छान रमलं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याचं नाव पुया. या वेळी त्याची ओळख करून घेऊ.

आधी शब्दांची गंमत. 'अननस' हा शब्द मूळ दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर फळ आणि नाव दोन्ही आपल्याकडे आली. 'पुया' हा शब्द चिलीतल्या मापुचे लोकांचा, अर्थ 'टोक'. मोलिना या चिलीच्या अभ्यासकाने १७८२ साली तो वनस्पतिशास्त्रात आणला. पानं पाहिली की नाव पटतं: घायपातीसारखी टोकदार, कडेला वाकडे आकडे. हात आत सहज जातो, बाहेर येताना अडकतो!

पुयाच्या जाती पुष्कळ. पेरू-बोलिव्हियातली सर्वांत मोठी जात दहा मीटरपर्यंत उंच होते, फुलायला कित्येक दशकं घेते आणि एकदा फुलून मरते. आपल्या सह्याद्रीतली कारवी अशीच, फक्त तिला सात वर्षं पुरतात. बागेत लावायची ती चिलीची पुया अल्पेस्ट्रिस. नर्सरीत ती पुया बर्टेरोनियाना या नावानेही मिळते. तिचं वागणं केळीसारखं आहे. फुललेला गड्डा संपतो, पण शेजारी मुनवे फुटलेले असतात, म्हणून झाड वर्षानुवर्षं टिकतं.

आणि फूल! पुरुषभर उंच दांडा, त्यावर मोरपंखी रंगाची, धातूसारखी चकाकणारी फुलं, आत केशरी परागकोश. हा रंग खोटा वाटतो, पण खरा आहे. प्रत्येक फांदीचं टोक मात्र बिनफुलांचं असतं. ते कशाला? पक्ष्यांना बसायला! चिलीतले पक्षी त्यावर बसून मध पितात, आणि इथे ते काम आपला तुई करतो. डोक्याला केशरी पराग लागलेला तुई बघायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, वेलिंग्टनच्या बोटॅनिक गार्डनमध्ये चक्कर मारा.

आता लागवड. सप्टेंबरमध्ये पॉटिंग मिक्समध्ये भरपूर प्युमिस मिसळून कुंडी भरा. बी बारीक, कागदासारखं असतं. ते मातीवर नुसतं पसरा, झाकू नका, कारण त्याला उजेड लागतो. माती ओलसर ठेवली की काही आठवड्यांत गवतासारखी रोपं दिसतात. (पालकांसाठी: पॉटिंग मिक्सची पिशवी तोंडापासून दूर धरून, उघड्यावर, मास्क लावून उघडा आणि नंतर हात धुवा. त्या मातीतल्या लिजनेला जंतूमुळे इथे दरवर्षी माणसं गंभीर आजारी पडतात. हे काम मुलांना देऊ नका.)

रोप हातभर झालं की भरपूर उन्हाच्या, उताराच्या जागी लावा. भारतातून आलेले आजोबा दक्षिणेकडची जागा सुचवतील, पण इथे ऊन उत्तरेकडून येतं! थंडी पुयाला सोसते, थोडं हिमही चालतं. हिवाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी मात्र तिला मारतं. ऑकलंडच्या चिकण मातीत म्हणूनच दगड-खडी घालून उंचवटा करावा.

बियापासून फूल यायला सहा-आठ वर्षं, कधी जास्तही. आज बालवर्गात 'कमळाचा क' गिरवणाऱ्याने बी पेरलं, तर फूल येईपर्यंत तो जोडाक्षरांच्या पलीकडे गेलेला असेल. एवढा धीर नसेल तर जाड हातमोजे घालून कुणाकडून मुनवा काढून आणा. आमचं मत विचाराल तर बीच पेरा.

एक गोष्ट मात्र नक्की ठरवून करा: जागा. पुया पायवाटेच्या, झोपाळ्याच्या किंवा लहान भावंडं खेळतात तिच्या जवळ नको. पानांची टोकं बरोबर लहानग्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. अंगण लहान असेल तर लावूच नका, बागेत जाऊन बघा.

बी इथल्याच नर्सरीतून घ्या. भारतातून येताना कुठलंही बी आणलं असेल, अगदी आजीने प्रेमाने पुडीत बांधून दिलेलं मेथीचंसुद्धा, तर प्रवाशाच्या घोषणापत्रात ते लिहा. न लिहिल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.