जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा पहिला महिना

उदगीरच्या, रबरालाही भेगा पाडणाऱ्या उन्हात एखाद्या रसिकाने जुनी स्पोर्ट्स मोटार खरेदी केली, तर ती बीदरच्या रस्त्यावर भरधाव सोडण्याचा मोह आवरून त्याने 30 दिवसांच्या कायदेशीर मुदतीत मालकी हस्तांतराचा अर्ज परिवहन दप्तरी दाखल करावा आणि मग प्रथम ब्रेककडे वळावे. कारण इंजिन बिघडल्यास मोटार केवळ उभी राहते, ब्रेक बिघडल्यास ती उभी राहत नाही.

ब्रेकमधील ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेतो. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. उतारावर वारंवार ब्रेक दाबल्याने तापून तो उकळला, म्हणजे द्रव जरी दाबाखाली आक्रसत नसला तरी त्यातील वाफेचे बुडबुडे सहज आक्रसतात, आणि पाऊल तळाला टेकूनही चाके फिरतच राहतात. सबब विक्रेत्याच्या शपथांवर विसंबून न राहता द्रव बदलावा. रबरी नळ्याही बदलाव्यात. इंधनाच्या जुन्या नळ्यांना तर 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मुळीच मानवत नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरील चार अंक वाचावेत: 2315 म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. रंगरोगण आणि चामड्याच्या आसनांची तजवीज, हौस कितीही अनावर असली तरी, यानंतर करावी.