न दिसणाऱ्या सांध्यांची कल्हई

घरी विमान बांधता येतं असं म्हटलं, तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. अशा हौशी लोकांची संघटना तिथे १९५३ साली निघाली आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी त्यांच्या विमानांची जत्राच भरते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं.

या अमेरिकन मंडळींत एक वाद हमखास रंगतो : विमानाच्या आतल्या पत्र्यांना प्रायमर लावायचा की नाही? मी कविता लिहिणारा माणूस, पण या वादानं मला धरून ठेवलं. कारण तो कुणाला न दिसणाऱ्या जागांबद्दल आहे.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याला राखतो. पण विमानाच्या पत्र्यात ताकदीसाठी बहुधा तांबं मिसळलेलं असतं आणि ओलाव्यात तेच तांबं गंजाला वाट देतं. म्हणून अशा पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. हा ‘अल्क्लॅड’ पत्रा. कोरड्या हवेत एवढं पुरे, असं एक पक्ष म्हणतो. मात्र कापलेल्या कडा, रिव्हेटची भोकं, ओरखडे इथे तो थर तुटतो. सांध्यात ओल अडकून बसते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर उडणाऱ्या एका बोइंग ७३७ चं छत आकाशातच फाटून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. सांध्यातला सुटलेला चिकटा, गंज आणि धातूचा थकवा चौकशीत पुढे आले. ते विमान कारखान्यातलं होतं. पण खारी हवा घरचं आणि कारखान्यातलं असा भेद करत नाही.

कल्हईवाला आधी भांडं घासतो, तापवून नवसागर टाकतो, मगच कथील फिरवतो. मळक्या भांड्यावर कल्हई धरत नाही. प्रायमरचंही तसंच. पत्रा हलका घासायचा, तेलाचा अंश पुसून काढायचा, मग उघड्या हातानं शिवायचं नाही. त्यावर दोन भाग मिसळून केलेला इपॉक्सी प्रायमर पातळ फवारायचा. जाड थर म्हणजे नुसतं वजन. जुना हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट गंजाला उत्तम अडवतो, पण त्यातलं क्रोमियम श्वासातून गेलं तर कर्करोग होऊ शकतो. तेव्हा कोणताही प्रायमर असो, योग्य मास्क आणि मोकळी हवा हवीच.

पंख एकदा रिव्हेट झाला, की आतल्या कित्येक सांध्यांपर्यंत हात पोचत नाही. मला विचाराल, तर निदान सांधे आणि अल्क्लॅड नसलेले भाग तरी रंगवावेत, समुद्राकाठी सगळंच. विमान पुढे विकलं जातं. उद्या त्यात बसणाऱ्या परक्या माणसाला तो सांधा उघडून पाहता येणार नाही.