वाघाची ओळख आणि यंत्राचा वेग

वैशाख लागला कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि माणसें पहांटेच जंगलांत शिरतात. 2025 च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत पानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मृत्युमुखीं पडल्या. वाघ जवळ असल्याची वार्ता थोडी अगोदर मिळण्याचें मोल अशा प्रदेशांत निराळें सांगावयास नको. याच हेतूनें ताडोबालगतच्या सीतारामपेठ येथें 2023 सालीं कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभी राहिली. कॅमेरा पाहतो, संगणक ओळखतो, गांवाला इशारा जातो.

यांत पाहणें सोपें, ओळखणें कठीण. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. एका चित्रांत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 बिंदु. सेकंदास 25 चित्रें धरलीं तर 5 कोटी 18 लाख 40 हजार बिंदु होतात, आणि त्यांची शेजारच्या बिंदूंशीं वारंवार पडताळणी केल्यावांचून गवताची सावली कोणती व वाघाचा पट्टा कोणता, हें ठरत नाहीं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याचे हात थोडे. ग्राफिक्स प्रोसेसरांत लहान गणक शेंकडों, कधीं हजारों असतात. एकेकटा मंद, परंतु एकच कृति सर्वांनीं एकदम करावयाची असली कीं त्यांना तोड नाहीं. धानाच्या बांधींत एकटा पटाईत माणूस रोवणी करीत बसला तर दिवस मावळतो. बायांची रांग उतरली कीं काम पाहतां पाहतां उरकतें.

घोटाळा आहे तो या गणकांना हुकूम देण्याच्या पद्धतींत. एनव्हिडिया कंपनीची कुडा 2007 सालीं आली. ती त्याच कंपनीच्या प्रोसेसरांसाठीं. सर्वांना चालावी म्हणून पुढें ओपनसीएल निघाली. तिच्या जन्मांत अ‍ॅपलचा मोठा हात. पण त्याच अ‍ॅपलनें 2014 सालीं मेटल ही स्वतःची निराळी पद्धत काढली आणि 2018 सालीं ओपनसीएल कालबाह्य ठरविली. कंपन्यांच्या सोयीचा हा व्यवहार ग्राहकाच्या फारसा सोयीचा नव्हे.

कार्यक्रम व प्रोसेसर यांची जोड जमली नाहीं, तर पुष्कळ कार्यक्रम बंद पडत नाहींत. गुपचूप सारें ओझें मुख्य प्रोसेसरावर टाकतात. बंद पडते तर बरें, निदान कळलें असतें! समजा, सेकंदास 25 चित्रें येत आहेत व तपासून होतात पांचच. मधलीं चित्रें सोडून देणारा कार्यक्रम असला तर बिघडत नाहीं; वाघ दिसावयास सेकंदाला पांच चित्रें पुष्कळ झालीं. पण एकेक चित्र रांगेंत लावणारा असला, तर मिनिटभराचें चित्रण तपासावयास त्याला पांच मिनिटें लागतात, आणि मिनिटाच्या शेवटीं दिसलेल्या वाघाचा इशारा चार मिनिटें उशिरां येतो.

सर्व चित्रण दूरच्या मोठ्या संगणकाकडे धाडावें, तर जंगलांत इंटरनेटचा भरंवसा नाहीं. जागेवरच लहान, थोड्या विजेवर चालणारें यंत्र ठेवावें, तर त्याचा प्रोसेसर बहुधा कचेरींतल्या संगणकाहून वेगळ्या जातीचा असतो. कचेरींत सुरळीत चाललेला कार्यक्रम तेथें चालेलच असें नाहीं. म्हणून चांचणी घ्यावयाची ती त्याच यंत्रावर, सर्व कॅमेरे एकदम चालू ठेवून. आणि ती चालू असतां ग्राफिक्स प्रोसेसरावर खरोखर भार पडतो कीं नाहीं, तें पाहावें.