प्रिंट कुठे अडली?

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीहून नाहीतर एटापल्लीहून फोन येतो, "भाऊ, प्रिंटर बिघडला, प्रिंट येऊनच नाही राहिली." मी आधी एकच विचारतो, प्रिंटरवरचं बटण दाबून टेस्ट पेज निघतं का? बहुतेक वेळा निघतं. म्हणजे मशीन ठणठणीत आहे. घोळ आहे तो कॉम्प्युटर आणि मशीन यांच्या मधल्या वाटेवर. फोनवर निस्तरला तर ठीक, नाहीतर चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता धरायचा. टोनर भरणं, पिकअप रोलर बदलणं, फ्यूजर साफ करणं ही माझी हाताची कामं. मधल्या वाटेचं काम मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याचं बिल पटवणंही जड जातं.

या वाटेवरचा पहिला थांबा म्हणजे रांग. आपण 'प्रिंट' दाबतो तेव्हा पान थेट प्रिंटरकडे जात नाही. आधी ते डिस्कवर एका फाइलीत उतरतं आणि नंबर लावून उभं राहतं. ही रांग सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे स्पूलर. कल्पना जुनी, मोठ्या कॉम्प्युटरांच्या जमान्यातली. १९५९ मध्ये आयबीएमने काढलेला १४०३ हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. त्या काळी हा वेग अफाट होता, तरी कॉम्प्युटरच्या मानाने मंदच. एवढं महागडं यंत्र प्रिंटरची वाट बघत रिकामं बसू नये, म्हणून छापायचा मजकूर टेपवर किंवा डिस्कवर बाजूला ठेवायचा आणि कॉम्प्युटरने पुढच्या कामाला लागायचं. आज सेवा केंद्रातल्या साध्या पीसीतही हेच चालतं.

ही रांग अडते ती पहिल्या नंबरावर. लाईट गेली, फाइल अर्धी प्रिंटरकडे गेली, अर्धी इकडेच राहिली. लाईट आल्यावर ना ती पुढे जाते ना मागच्यांना जाऊ देते. समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस ताटकळतोय, त्याची बस सुटायची वेळ झालीय, आणि टेबलावरची ताई पुन्हा प्रिंट दाबते. परत दाबते. आणखी एकदा. मी फोनवरून सांगत असतो : ताई, सर्व्हिसेसमध्ये जा, प्रिंट स्पूलर थांबवा, सिस्टिम थर्टी-टूच्या आत स्पूल, त्याच्या आत प्रिंटर्स, तिथल्या सगळ्या फायली उडवा, मग स्पूलर सुरू करा. त्या फोल्डरात फायली जोडीने असतात. एकीत छापायचा मजकूर, दुसरीत ते काम कोणाचं, कुठल्या प्रिंटरचं, याची नोंद. त्या न उडवता रांग आपोआप सुटली, तर एकच दाखला चार-पाचदा बाहेर पडतो.

यात बटण दाबणाऱ्याला मी दोष देत नाही. प्रिंट कुठवर पोचली हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. हे दुखणं आपल्या जंगलापुरतंही नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स ९७०० हा नवा लेझर प्रिंटर आला. प्रिंटर एका मजल्यावर, छापणारी माणसं दुसऱ्यावर. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरला एक सोय करून दिली होती : कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा, मग कोणीतरी उठून कागद काढायचं. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ कोड काही त्याला मिळेना, त्यामुळे ही सोय बसवता येईना. १९८३ मध्ये त्याने मूळ कोड सगळ्यांना खुला असेल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागची ही प्रिंटरची गोष्ट तो स्वतःच सांगत आलाय. माझ्या धंद्यातल्या माणसाला ती ऐकून जरा बरं वाटतं.

निरोपाची ही गोष्ट सगळ्यांसाठी नियमात बसायला पुढे बरीच वर्षं गेली. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर प्रिंटरकडे नुसती माहिती ओतून मोकळा व्हायचा. पुढे काय झालं ते प्रिंटर जाणे. १९९९ मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, आला. त्यात प्रत्येक कामाच्या सात अवस्था ठरवून दिल्या : वाट बघतंय, मुद्दाम थांबवून ठेवलंय, छपाई चालू आहे, चालू असताना अडलंय, माणसाने रद्द केलं, यंत्रणेनेच सोडून दिलं, पूर्ण झालं. कॉम्प्युटरने विचारायचं आणि प्रिंटरने या सातांतलं एक उत्तर द्यायचं, सोबत कारणही : कागद संपला, झाकण उघडं आहे, टोनर संपत आला. माझ्या मते नेटवर्कवरच्या छपाईत याच्याइतकं उपयोगी काही झालेलं नाही. वेग वाढला, रंग आले, ते सगळं नंतर.

दुसरी भानगड पत्त्याची. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. लाईट जाऊन आली की हे नंबर नव्याने वाटले जाऊ शकतात. घर बदललेल्या भाडेकरूच्या जुन्या दारावर पोस्टमनने टकटक करत राहावं, तसा कॉम्प्युटर जुन्याच नंबरावर हाका मारतो आणि शेवटी 'ऑफलाइन' म्हणून हात झटकतो. प्रिंटर तर शेजारी हिरवा दिवा लावून बसलेला असतो. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की रस्ताच बंद. अशा वेळी या एका नंबरापायी ऑफिस आठवडाभर छपाईविना राहू शकतं. म्हणून मी बसवतानाच प्रिंटरला कायमचा नंबर देऊन टाकतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे नंबर विसरायचा आणि नावाने शोधायचं. ॲपलने २००२ मध्ये काढलेली, पुढे बाँजूर नावाने ओळखली गेलेली पद्धत हेच करते : प्रिंटर स्वतःच आपलं नाव सांगत राहतो, नंबर कोणताही असो.

गंमत म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क हे मुळात प्रिंटरच्या गरजेतून उभं राहिलं. झेरॉक्समधल्या गॅरी स्टार्कवेदरने १९७१ मध्ये कंपनीच्याच कॉपिअरला लेझर जोडून पहिला लेझर प्रिंटर बनवला. तो इतका महाग की प्रत्येकाच्या टेबलावर एक ठेवणं शक्य नव्हतं. सगळ्या कॉम्प्युटरांना तो एकच प्रिंटर वापरता यावा, ही १९७३ मध्ये त्याच कंपनीत बॉब मेटकाफने सुचवलेल्या इथरनेटमागची एक मोठी गरज होती. आज आपण भिंतीतून ओढतो ती निळी-पिवळी केबल तिथूनच निघाली.

मग पान घडवायचं कोणी? 'इथे रेघ, इथे अक्षर' या वर्णनातून ठिपक्यांचं चित्र कोणीतरी तयार करावंच लागतं. ॲपलच्या १९८५ च्या लेझररायटरमध्ये ते काम प्रिंटरच करायचा; पानाचं वर्णन अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत येई. त्याची किंमत ६,९९५ डॉलर, आणि त्यातला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉशपेक्षाही वेगवान. आपल्याकडे घरोघरी पोचले ते याच्या अगदी उलट्या जातीचे. कॅनन एलबीपी २९०० घ्या : मिनिटाला १२ पानं, मेमरी २ एमबी, जोडायला फक्त यूएसबी. किंवा एचपी लेझरजेट १०२०, जो चालू केला की दरवेळी आपला चालवायचा प्रोग्रॅमही कॉम्प्युटरकडून मागून घेतो. सगळी अक्कल कॉम्प्युटरात, प्रिंटर नुसता हात. म्हणून ते स्वस्त पडले आणि चंद्रपूर-गडचिरोलीत अजून चालून राहिले. मला ही मशीन्स आवडतात. सुटे भाग मिळतात, उघडायला सोपी. पण नेटवर्कवर टाकायची म्हणजे ज्या पीसीला ती जोडलीत तो चालू पाहिजे. एका ऑफिसात तो पीसी मॅडमचा, पासवर्ड मॅडमचा. मॅडम रजेवर गेल्या की ऑफिसची छपाईही रजेवर.

२०२१ साली तर कहरच झाला. विंडोजच्या स्पूलरमध्ये मोठं भगदाड सापडलं, 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं. बाहेरचा माणूस त्यातून कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकत होता. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने घाईने दुरुस्ती पाठवली, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या पीसीवर शेअर केलेले प्रिंटर जोडायलाच तयार होईनात. शेवटी 'अकरा-बी' असलेला तो एरर नंबर त्या वर्षी माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ झाला. काहींनी अपडेट काढून टाकून वेळ मारून नेली. म्हणजे भगदाड तसंच.

क्लाउड प्रिंटबद्दल लोक विचारतात. गूगलने २०१० मध्ये तशी सेवा आणली आणि ३१ डिसेंबर २०२० ला बंद केली. शहरात कोणाला तिची सोय वाटली असेल. एटापल्लीत एका टेबलावरून दोन हात अंतरावरच्या प्रिंटरकडे जाणारं पान आधी दूरच्या सर्व्हरवर जाऊन यायचं, आणि केबल कुठे तुटली की शेजारचा प्रिंटर मुका, ही कल्पना मला कधीच रुचली नाही. पान इथलं असेल तर त्याने इथल्या इथेच फिरावं.

पान खरोखर दुरून येणार असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉण्टांत अडकलेला असायचा. चंद्रपुरात टाइप केलेलं पत्र गडचिरोलीत उघडलं की कचरा छापला जायचा, कारण तो फॉण्ट तिथे नसे. पीडीएफने फॉण्ट पानासोबतच पाठवायची सोय केली आणि ते रडगाणं जवळपास संपलं. त्यावर डिजिटल सही आली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. खरेपणा शाईच्या शिक्क्यातून निघून फाइलीत गेला. कागद शेवटच्या टप्प्यावर, जवळच्या कुठल्याही प्रिंटरवर निघतो. तलाठ्याची गाठ पडावी म्हणून चकरा मारलेल्यांना त्याचं मोल विचारा.

निवडणुकीतही हाच प्रकार आहे. घरापासून लांब तैनात असलेल्या जवानांची मतपत्रिका आता निवडणूक आयोग कुलूपबंद फाइल म्हणून पाठवतो. ती तिकडे छापायची, मत नोंदवायचं आणि पाकीट टपालाने परत. जाताना नेटवर्क, येताना पोस्ट. आणि याच गडचिरोलीत मतदान पथकांसोबत हेलिकॉप्टरमधून जाणारा व्हीव्हीपॅट हाही प्रिंटरच : मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी ७ सेकंद काचेआड दिसते आणि पेटीत पडते. तो कुठल्याही नेटवर्कला जोडायचा नाही, असंच मुळात ठरवलेलं.

आता मी जुन्या यूएसबी प्रिंटरांचं काय करतो ते सांगतो. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय नावाचा बोर्ड येतो. त्यावर कप्स हा प्रोग्रॅम टाकायचा. मायकेल स्वीटने १९९९ मध्ये तो लोकांसमोर आणला. आयपीपीवर चालतो आणि मॅकमध्येही हाच असतो. एचपी १०२० साठी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिलेला ड्रायव्हर मिळतो. बोर्ड प्रिंटरच्या मागे चिकटवला, इन्व्हर्टरवर घेतला, की मॅडमच्या पीसीची गरज उरत नाही. पोरं मोबाइलवरूनही प्रिंट टाकतात, मोबाइलमध्ये वेगळा ड्रायव्हर न घालता. लाईट गेली तर कामं बोर्डाच्या कार्डावर पडून राहतात, आल्यावर निघतात.

मात्र बसवताना एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती मी दुकानात बसून ठरवत नाही. एखादं काम फसलं तर काय करायचं? कप्समध्ये पर्याय आहेत : रांगच थांबवा, ते काम सोडून द्या, किंवा बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा बघा. मुळात ठेवलेला पर्याय पहिला, म्हणजे एकाची फाइल फसली की सगळे अडले. सेवा केंद्रात मी तिसरा लावतो. एकाच्या खराब फाइलीपायी बाहेर उभ्या दहा जणांची बस का चुकावी? पण जिथे आधीच क्रमांक छापलेल्या कोऱ्या परवान्यांवर छपाई होते, तिथे मशीनने स्वतःच्या मर्जीने काम मागेपुढे केलं तर नोंदवहीतला क्रमांक एक आणि कागदावरचा दुसरा. अशा ठिकाणी मी पहिलाच पर्याय ठेवतो. रांग थांबते, साहेब चिडतात, फोन येतो, "भाऊ, प्रिंटर बिघडला." मी विचारतो, टेस्ट पेज निघतं का?