मीटरबाहेरचं काम

"गाडी रात्रीच आणून लावू नका. सकाळी चालवत आणा. गार तेल सगळं उतरत नाही," असं मिस्त्रींनी बजावलं होतं. म्हणून चुलतभावाने सकाळी साडेसातला पिकअप नारायणगावच्या गॅरेजसमोर उभी केली, तेव्हा बॉनेटवर हात ठेववत नव्हता.

गाडी महिंद्राची बोलेरो पिकअप, बीएस-४. २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या टोमॅटोचा सगळा हंगाम हिच्यावर चालतो: शेतातून नारायणगावच्या बाजारात आणि भाव बरा वाटला तर माळशेज उतरून कल्याणला. हंगाम तोंडावर आला की मी एक दिवस काढून सर्व्हिसिंगला भावासोबत जातो आणि शेवटचा नट कसेपर्यंत तिथेच थांबतो.

भाऊ म्हणाला, "मिस्त्री, पुस्तकाप्रमाणे अजून दोन हजार किलोमीटर बाकी आहेत. ऑइल राहू द्यायचं का?"

मिस्त्रींनी विचारलं, "ट्रॅक्टरचं ऑइल कशावर बदलता?"

"तासांवर."

"मग हिचे तास कोण मोजतं?"

भाऊ गप्प झाला. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं, कारण नांगरताना तो तासभर राबतो आणि जेमतेम काही किलोमीटर जातो, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. पिकअपला मात्र किलोमीटरचंच मीटर. बाजाराच्या रांगेत ती इंजिन चालू ठेवून पुढे सरकत राहते, बांधावरच्या वाटेने भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते, घाट दुसऱ्यात चढते. यातलं फार थोडं मीटरवर उमटतं. इंजिनातलं तेल मात्र प्रत्येक मिनिटाचा हिशोब ठेवतं.

चेंबरचा नट सुटला आणि काळीभोर धार घमेल्यात पडली. डिझेलचं तेल काळं होणारच. जळण्यातून उरणारी काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, त्यामुळे नवं घातलेलंही थोड्याच दिवसांत काळवंडतं. मिस्त्री रंगाकडे बघत नाहीत. त्यांनी एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला आणि उन्हात धरला. धातूची चमक दिसली तर आत बेरिंग झिजतंय. तेल दुधाळ असेल तर कुलंट मिसळतंय. डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळत असावा. आमचं तेल फक्त पातळ आणि थकलेलं होतं. "वेळेत आणलीत," एवढंच ते म्हणाले. धार थांबून थेंब थेंब पडू लागली, तरी त्यांनी पंधरा मिनिटं घमेलं हलवलं नाही. मग नवा तांब्याचा वायसर, नवा फिल्टर, त्याच्या रबरी रिंगेला बोटाने तेल. फिल्टर हातानेच कसायचा, पाना लावायचा नाही. जुनं तेल डब्यात गेलं. आमच्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागून नेतात, पण मिस्त्री भंगारातलं तेल रीतसर उचलणाऱ्यालाच देतात. थेंबही जमिनीत जाऊ देत नाहीत, कारण पन्नास पावलांवर विहीर आहे.

पुढची पाळी डिझेल फिल्टरची. त्याच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. मिस्त्रींनी काचेचा ग्लास खाली धरून तो सैल केला. ग्लासात आलेलं आधी सगळं सारखंच दिसलं. दोन मिनिटं स्थिर ठेवल्यावर तळाला बोटभर थर वेगळा झाला आणि मध्ये सुतासारखी सरळ रेघ उमटली. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की रिकाम्या जागेतल्या हवेचा दमटपणा गार पत्र्यावर पाणी होऊन खाली उतरतो. पावसाळ्यात तर रोजच. या इंजिनात इंधन हजाराहून जास्त बार दाबाने इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांतून जातं, आणि तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळतं. तिथे पाणी पोचलं की आधी गंज, मग खर्च. म्हणून भावाला सांगणं झालं: दर महिन्याला ग्लास धरायचा, पावसाळ्यात पंधरवड्याला, आणि रात्री टाकी भरून गाडी लावायची. नवा फिल्टर बसल्यावर हातपंप कडक होईपर्यंत दाबला, म्हणजे लाइनीत एअर राहत नाही.

एअर फिल्टर बाहेर काढला तेव्हा मलाच लाज वाटली. घड्यांमध्ये आमच्या शिवारातली लाल-करडी माती ठासून बसली होती. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डीझेलने १८९७ मध्ये ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनापासून तत्त्व तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावं. म्हणजे हवा हीच तिथली काडेपेटी. ती पुरेशी मिळाली नाही की धूर काळा होतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि चढावर दम लागतो. मिस्त्रींनी फिल्टरच्या आत बॅटरी पेटवून धरली, कागदातून उजेड दिसेना. हवा मारायची तर आतून बाहेर, तीही बेताने. बाहेरून मारली तर धूळ आणखी आत रुतते. हा फिल्टर त्याच्याही पलीकडे गेला होता. नवाच घातला.

यानंतर मिस्त्री ग्रीसगन घेऊन गाडीखाली गेले आणि मीही शेजारी आडवा झालो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चार टोकं असतात. निपलला गन लावून दाबत गेलं की चारही टोपणांच्या कडेने आधी जुनं काळं ग्रीस येतं, मग नवं. तीन टोकांतून नवं आलं. चौथं कोरडंच. मिस्त्रींनी शाफ्ट हाताने थोडा फिरवला, पुन्हा दाबलं, पुन्हा फिरवला. बऱ्याच वेळाने चौथ्या टोकातून गंजाच्या रंगाचा एक ठिपका आला, त्यामागून काळं, आणि शेवटी स्वच्छ ग्रीस. तोवर त्यांनी गन खाली ठेवली नाही.

त्या एका टोकासाठी एवढा वेळ का, हे मला विचारावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी हाच क्रॉस तुटून गाडी माळशेजखाली टोकावड्याकडे जाताना बसली होती. त्याआधी महिनाभर क्लच सोडताना खालून 'टक' असा आवाज येत होता. आम्ही तो ऐकला आणि हंगाम संपल्यावर बघू म्हणालो. काही शे रुपयांच्या क्रॉसपायी गाडीभर टोमॅटो दुपारभर उन्हात मऊ पडले. चूक पूर्णपणे आमची होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करताना आजोबा जू बसतं तिथेच हळद-तूप चोळत, बाकीच्या अंगाला नुसता हात फिरवत. ओझं नेमकं कुठे पडतं हे त्यांना माहीत होतं. गाडीतल्या त्या जागा आम्ही शोधल्याच नव्हत्या.

मागची चाकं उतरवून ब्रेकचे लायनर तपासले, ब्रेक ऑइल बदललं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि लांब उतारावर तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं आणि घाट ब्रेकवर न उतरता गिअरवर उतरायचा. पाट्यांचे यू बोल्ट कसताना मिस्त्रींनी कॅरेटचा हिशोब मांडला. एका कॅरेटमध्ये वीस किलो माल, शिवाय कॅरेटचं वजन दीड किलोच्या घरात. ऐंशी कॅरेट म्हणजे सुमारे सतराशे किलो. गाडीची क्षमताही तेवढीच. त्यावर चढणारं प्रत्येक कॅरेट पाटे, क्लच आणि ब्रेक यांच्या आयुष्यातून वजा होतं.

शेजारी एक बीएस-६ गाडी उभी होती. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ करायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. नुसती बाजाराच्या रांगेत फिरली तर साफसफाई अर्धवट राहते, जादा डिझेल तेलात उतरतं आणि पट्टीवरची पातळी वाढते. "तेल कमी झालं की सगळे घाबरतात," मिस्त्री म्हणाले. "वाढलं की कोणी बघत नाही."

संध्याकाळी इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी भावाला रेस करू दिली नाही, तेल वर चढू दिलं. घाट चढून थांबल्यावरही एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायला सांगितलं. मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बोचं तेल एकदम बंद होऊ नये म्हणून.

घरी येऊन भावाने डॅशबोर्डच्या खणातली वही काढली. तिच्यात आजवर फक्त तारीख आणि किलोमीटर होते. त्याने पट्टी घेऊन आणखी तीन रकाने आखले: रांगेतले तास, घाटाच्या फेऱ्या, कॅरेट. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्यावर त्याने पहिली ओळ भरली. किलोमीटर अठ्ठावीस, रांगेतले तास सव्वातीन.