दूषित जमीन झाकायची की उपसायची? गोराई-मुलुंडचा धडा, आणि ‘फुकट माती’ घेण्याआधी काय तपासाल

मुंबई उपनगर : जमीन एकदा नासली की कपड्यासारखी धुऊन काढता येत नाही. लाखो टन माल दूषित असेल तर मुख्यतः दोनच मार्ग उरतात. एक तर तो जागेवरच झाकून कोंडायचा, नाहीतर उपसून वेगळा करायचा. आपल्या जिल्ह्यात दोन्ही मार्ग बघायला मिळतात. बोरिवली तालुक्यात गोराईचं डम्पिंग झाकलं गेलं, तर कुर्ला तालुक्यात मुलुंडचं उपसायला घेतलं. तुमच्या गावाजवळ जुना कचरा असेल, किंवा कुणी भरावाला स्वस्तात माती देत असेल, तर हा फरक माहीत असायलाच हवा.

गोराई : झाकलेला डोंगर

गोराईला खाडीच्या कडेला १९७२ पासून कचरा पडत होता. सुमारे १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून जास्त कचरा साचला. २००७ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणं बंद झालं आणि पुढे डोंगर शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आला.

काम असं झालं : आधी डोंगराला नीट उतार दिला. त्यावर पाणी न झिरपणारा जाड प्लास्टिकचा पडदा, वर माती आणि मातीवर गवत. पावसाचं पाणी आत शिरलं नाही की कचऱ्यातून निघणारं काळं पाणी कमी होतं. आतला मिथेन वायू पाइपांनी ओढून जाळला जातो. ही हवा वाचवल्याबद्दल मिळणारे कार्बन क्रेडिट आशियाई विकास बँकेने विकत घेतले.

पण कचरा गेला कुठे? कुठेच नाही. तो आतच आहे. पडदा फाटला, उतार खचला, तर त्रास पुन्हा सुरू. म्हणूनच बंद केलेल्या जागेची किमान १५ वर्षं देखभाल करावी असं २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं.

मुलुंड : चाळून काढलेला कचरा

मुलुंड पूर्वेला १९६७ पासून सुमारे २४ हेक्टरवर कचरा पडला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते डम्पिंग बंद झालं, तेव्हा अंदाजे ७० लाख टन कचरा साचलेला होता. महापालिकेने इथे ‘बायोमायनिंग’चा मार्ग घेतला. ७३१ कोटींचं काम, म्हणजे टनामागे हजार रुपयांच्या वर खर्च.

पोकलेनने डोंगर उकरतात, कचऱ्याच्या लांब रांगा लावतात, जिवाणूंचं मिश्रण फवारतात आणि माल उलटापालटा करून सुकवतात. मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. प्लास्टिक, चिंध्या, लाकूड सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. दगड-विटा भरावाला जातात. चाळणीखाली उरते ती काळसर बारीक माती. जागा मोकळी होते, हा मोठा फायदा. अडचण या बारीक मातीची.

युरेनियमच्या खाणीत काय करतात?

तिथेही हाच पेच असतो. खनिजाचा दगड दळून युरेनियम काढून घेतात. उरलेला चुरा पाण्यासकट मोठ्या बंधाऱ्यात सोडतात. झारखंडमधल्या जादुगुडाला, भारताच्या पहिल्या युरेनियम खाणीत, १९६७ पासून हे काम सुरू झालं. युरेनियम निघालं तरी त्या चुऱ्यात रेडियम राहतं. ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात आणि त्यातून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघत राहतो.

जर्मनीत रोन्नेबर्गच्या बंद खाणीजवळचे दगडमातीचे ढिगारे पुन्हा खाणीच्या खड्ड्यात भरून वरून मातीने झाकले. २००७ मध्ये त्याच परिसरात राष्ट्रीय पुष्पप्रदर्शन भरलं. अमेरिकेत मोआबला असा चुरा थेट कोलोरॅडो नदीकाठी होता, झाकून भागणार नव्हतं. सुमारे १ कोटी ६० लाख टन माल. २००९ पासून तो रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर लांब नेऊन पुरायला सुरुवात झाली. म्हणजे उपसला तरी शेवटी तो कुठेतरी पुरावाच लागतो.

कुजतं ते कुजतं, धातू कुजत नाही

आपल्या कचऱ्यात युरेनियम नसतं हे खरं. पण बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुन्या वायरी असतातच. त्यातलं शिसं, कॅडमियम, पारा वर्षानुवर्षं मातीत राहतं. भाजीचा देठ कुजतो, मिथेनही काही वर्षांनी कमी होतो. धातू मात्र जागचा हलत नाही, किंवा पाण्याबरोबर विहिरीकडे निघतो. त्यामुळे ‘तीस वर्षं जुना कचरा आहे, आता नुसतं खत झालंय’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

अशी माती खत म्हणून विकायची तर खत नियंत्रण आदेश, १९८५ ची मानकं लागू होतात. शहरी कचऱ्याच्या खतात एका किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, आर्सेनिक १० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू अशा १२ गोष्टी तपासतात. त्यात शिसं आणि कॅडमियम नाही. पत्रिका चांगली आली म्हणजे माती बिनविषारी, असं होत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

गावाने काय विचारायचं?

• माती कुठून आली? ट्रक कुठे भरला, ते लेखी मागा.
• जड धातूंचा अहवाल आहे का? अहवालावर प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि नमुना कुठला, हे बघा.
• मातीत काचेचे तुकडे, प्लास्टिकचे कण दिसतात का? दिसले तर शेतात, परसबागेत टाकू नका.
• जुन्या डम्पिंगजवळची विहीर, बोअर तपासली आहे का? पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासून घ्या.
• कचरा झाकणार असतील तर पुढची १५ वर्षं देखभाल कोण करणार, पैसे कुठून येणार?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये क्रमही सांगितलेला होता : जुन्या डम्पिंगवर आधी बायोमायनिंग शक्य आहे का ते तपासायचं, आणि शक्य नसेल तरच शास्त्रीय पद्धतीने झाकायचं. वरून दोन ट्रक मुरूम टाकून सपाट केलं, की झालं, असं नियमात कुठेही नाही. ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात बोलताना हे लक्षात ठेवा. आणि फुकटचा ट्रक दारात उभा राहिला, तर तो रिकामा होण्याआधी कागद बघा. एकदा शेतात पसरलेली माती परत गोळा करायला कुणी येत नाही.