छातीतील कळ आणि दहा गुणांचा हिशेब

छातीत कळ आली म्हणून धास्तावून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येकाचे हृदयच विकल झालेले असते असे नाही. आम्लपित्त किंवा बरगड्यांचे स्नायूही तशीच पीडा उत्पन्न करतात. तथापि ज्याची हृदयरोहिणी खरोखर अवरुद्ध होत आहे त्याला घरी धाडणे प्राणावर बेतते, आणि सर्वांनाच दाखल करावे तर खाटा अपुऱ्या पडतात. या पेचातून वाट काढण्यासाठी नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००८ साली ‘हार्ट’ नावाची गुणपद्धती प्रसिद्ध केली.

वेदनेची हकिकत, ईसीजी, वय, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी जोखमीची कारणे, आणि हृदयस्नायूस इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन, अशा पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण मिळतात. वय ४५ च्या आत असल्यास शून्य, ६५ किंवा अधिक असल्यास दोन. बेरीज ३ पर्यंत असेल तर पुढील सहा आठवड्यांतील धोका अल्प, ४ ते ६ असेल तर देखरेख व अधिक तपासण्या आवश्यक, आणि ७ किंवा अधिक असल्यास त्वरित उपचार हे धोरण असते. ईसीजीतच झटका स्पष्ट दिसला, तर मात्र गुण मोजत न बसता रोहिणी मोकळी करण्याची तजवीज होते. ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागत असल्याने ही तपासणी पुन्हा करणे हिताचे ठरते.

हा हिशेब मात्र डॉक्टरांनी करावयाचा. घरच्यांचे कर्तव्य एवढेच, की कळ येताच विलंब न लावता महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण गेलेल्या घटकेबरोबर हृदयाचा स्नायूही जात असतो.